हिलरीबाईंचं दप्तर: एका वाचनकक्षाचा अभिप्राय

हिलरी क्लिंटन खोटारड्या की नुसत्याच बेफिकीर, यावर २०१६ साली न्यू जर्सीच्या एडिसनमध्ये मराठी माणसांनी जितका घसा कोरडा केला तितका गणपतीच्या वर्गणीवरही केला नसेल. अजूनही निवडणूक आली की कोणीतरी विषय उकरतंच. पण ज्या खासगी सर्व्हरवरच्या सरकारी ई-मेलवरून हा वाद पेटला, ती पत्रं स्वतः उघडून पाहिलेला माणूस मला क्वचित भेटला. खरं तर ती फुकट वाचायला मिळतात. अमेरिकेच्या विदेश खात्याचा ऑनलाइन वाचनकक्ष आहे. अर्ज नाही, शुल्क नाही, 'साहेब जेवायला गेलेत' नाही. माझ्याकडून पाचपैकी चार चांदण्या.

मी मंत्रालयात कक्ष अधिकारी होते, आता लेकीकडे असते. तेव्हा हा अभिप्राय फायलीतल्या बाईचा आहे, राजकारणातल्या नव्हे.

आधी माल काय मिळतो ते सांगते. हिलरीबाई २००९ ते २०१३ विदेशमंत्री होत्या आणि न्यूयॉर्क राज्यातल्या चापाक्वाच्या आपल्या घरात ठेवलेल्या खासगी सर्व्हरवरून सरकारी पत्रव्यवहार करत होत्या. डिसेंबर २०१४ मध्ये त्यांनी त्यातली ३०,४९० पत्रं खात्याला परत दिली, तीही कागदावर छापून, सुमारे ५५,००० पानं! (ई-मेलची प्रिंट काढून फायलीला लावणारे फक्त आपणच, असं मला वाटायचं.) पुढे एका पत्रकाराच्या दाव्यात न्यायालयाने दरमहा हप्त्याने ती प्रसिद्ध करायला लावली. शेवटचा हप्ता २९ फेब्रुवारी २०१६ चा, म्हणजे त्यांच्या अध्यक्षपदाच्या उमेदवारीच्या ऐन रणधुमाळीत.

प्रत्येक पत्राची स्वतंत्र पीडीएफ. त्यावर प्रकरण क्रमांक, दस्तऐवज क्रमांक, पूर्ण दिलंय की अंशतः, सगळं नोंदलेलं. आवक-जावकवाल्याने पाहिलं तर डोळे निवतील. आणि मला सर्वांत आवडलं ते झाकण्याचं काम. जिथला मजकूर काढलाय तिथे कोरी जागा आणि शेजारी कारणाचा संकेत: बी-१ म्हणजे राष्ट्रीय सुरक्षा, बी-५ म्हणजे खात्यातली अंतर्गत चर्चा, बी-६ म्हणजे खासगी बाब. आपल्याकडे माहिती अधिकारात नकार येतो तेव्हा बहुतेकदा 'कलम ८ अन्वये देता येत नाही' एवढी एक ओळ हातात पडते. इथे निदान भोक कुठे आणि केवढं पडलंय ते दिसतं.

आता आतलं. बरंचसं कंटाळवाणं आहे: भेटीच्या वेळा, भाषणांचे मसुदे आणि 'याची प्रिंट काढा' असे निरोप. मधूनच मजा येते. मार्च २०१० च्या एका पत्राचा विषय 'गेफिल्टे फिश' (ज्यू लोकांचा माशाचा पदार्थ) आणि मजकूर एवढाच, की हे कुठवर आलंय? माझ्या जावयाला ते सांकेतिक वाटलं होतं. प्रत्यक्षात इलिनॉयमधून इस्रायलला निघालेला मासा पासओव्हर या ज्यू सणाच्या तोंडावर आयात शुल्कात अडकला होता आणि मंत्रीणबाई पाठपुरावा करत होत्या. डिसेंबर २००९ मध्ये त्यांचा आणि सहायक हुमा अबेदिन यांचा फॅक्स मशीनवरचा संवाद आहे, फोन उचला, ठेवा, ठेवलेलाच राहू द्या, असा. ज्याने कार्यासनावर फॅक्स वापरलाय त्याने वाचावाच.

पण चारित्र्याचा वाद घालायचा तर दोन कागद समोर ठेवायला हवेत.

पहिला, जून २०११. बाईंचे सहकारी जेक सलिव्हन यांच्याकडून सुरक्षित फॅक्सने यायची टिपणं येत नव्हती. बाईंनी कळवलं की जमत नसेल तर ओळख पटेल असा मथळा काढून टाका आणि साध्या मार्गाने पाठवा. तसं पाठवल्याचं आढळलं नाही, असं खात्याने सांगितलं. विरोधक म्हणाले, हा तर सरळ गुन्ह्याचा हुकूम. मी हे वाचलं आणि माझे निदान तीन सचिव डोळ्यांसमोर उभे राहिले. 'अहो, ते गोपनीय वगैरे नंतर बघू, आधी मला कागद द्या.' यात देशद्रोह नसतो. यात असतो तो साहेबाचा उतावळेपणा, आणि नियम हाताखालच्यांनी पाळायचे असतात ही पक्की समजूत.

दुसरा कागद एप्रिल २०१२ चा. मलावीचे अध्यक्ष मुथारिका वारले, तिथे सांत्वनाचा आणि नव्या अध्यक्ष बांडा यांच्या अभिनंदनाचा फोन करायचा, त्याचं टाचण. परिच्छेदाच्या आधी कंसात 'सी', म्हणजे गोपनीय. ज्या तीन पत्रांवर गोपनीयतेची खूण सापडली आणि टीव्हीवर रणकंदन झालं, त्यांतलं हे एक! फोन करायचं ठरेपर्यंत असं टाचण गोपनीय ठेवतात, खूण काढायची राहून गेली, असा खात्याचा खुलासा. तो मला पटतो. पटत नाही ते पुढचं. एफबीआयने, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय तपास संस्थेने, या ई-मेलच्या चौकशीत त्या 'सी'बद्दल विचारलं तेव्हा बाईंनी परिच्छेदांची वर्णानुक्रमे खूण असेल असा तर्क केला. चार वर्षं विदेशमंत्री! आमच्या कनिष्ठ लिपिकालाही ही सबब शोभली नसती.

जावईबापू म्हणतात, "आई, कोमींनी खटला नको म्हटलं, विषय संपला." नाही हो संपला. एफबीआयचे संचालक जेम्स कोमी ५ जुलै २०१६ ला जे बोलले ते अख्खं वाचा. ११० पत्रांत पाठवतेवेळीच गोपनीय माहिती होती, वागणूक अत्यंत निष्काळजीपणाची होती, आणि असं दुसऱ्या कुणी केलं तर त्याला काहीच परिणाम भोगावा लागणार नाही असा याचा अर्थ नव्हे, हेही त्यात आहे. आमच्या भाषेत फौजदारी नाही, पण कारणे दाखवा नोटीस नक्की. शेजारचे काका २०१६ मध्ये 'तुरुंगात टाका' म्हणून ओरडायचे. २०२२ मध्ये ट्रम्पसाहेबांच्या मार-ए-लागो या फ्लोरिडातल्या घरातून गोपनीय कागदांच्या पेट्या निघाल्या तेव्हा ते एकदम कायद्याचे बारकावे समजावू लागले. जावईबापूंचा प्रवास बरोबर उलट्या दिशेने झाला.

माझा मुद्दा दोघांनाही आवडत नाही. गुपितांपेक्षा मला दप्तर महत्त्वाचं वाटतं. सरकारी कागद खुर्चीचा असतो, बसणाऱ्याचा नसतो. पद सोडताना तो सोपवून जायचा असतो आणि बाईंनी तो सोपवला नाही; मे २०१६ मध्ये त्यांच्याच खात्याच्या महानिरीक्षकांनी हे स्पष्ट लिहिलं. (आधीचे एक विदेशमंत्री कॉलिन पॉवेलही खासगी ई-मेल वापरत होते, हेही त्याच अहवालात आहे.) मागणी झाल्यावर सरकारी कोणतं आणि घरगुती कोणतं हे निवडलं कोणी? त्यांच्याच वकिलांनी. ३१,८३० पत्रं खासगी ठरवून बाजूला काढली, ती पुढे पुसली गेली, आणि खात्याला परत न दिलेली कामकाजाची हजारो पत्रं नंतर एफबीआयला सापडलीच. वकिलांनी मुद्दाम लपवल्याचा पुरावा मिळाला नाही, असं कोमी म्हणाले, आणि मीही तसं म्हणत नाही. पण आपल्या कपाटाची पंचयादी आपल्याच माणसाकडून करून घ्यायची आणि जगाने विश्वास ठेवावा अशी अपेक्षा करायची, हा स्वभाव मला त्या 'सी'पेक्षा जास्त बोलका वाटतो.

पाचवी चांदणी का कापली, तर या संग्रहात ती पुसलेली सगळी पत्रं नाहीत आणि सर्वोच्च गोपनीय ठरलेली २२ पत्रं अजिबात दिलेली नाहीत, कोऱ्या पानांच्या रूपातसुद्धा नाहीत. दोन हजारांहून अधिक पत्रांना गोपनीयतेचा शिक्का प्रसिद्ध करताना बसला, पाठवताना नव्हे. हा फरक ठाऊक नसेल तर नवखा वाचक शिक्का बघून दचकेल.

वाचायचं असेल तर मोबाइलवर नको, मोठा पडदा घ्या. उत्तराखाली उत्तर अशी साखळी असते, म्हणून पान खालून वर वाचा. कोमींचं निवेदन इथे नाही, ते एफबीआयच्या संकेतस्थळावर आहे. आधी ते वाचून मग जून २०११ ची पत्रं काढा. माशाचं पत्र जेवणानंतर.