‘दिसलं नाही’ हेही छापणारं वार्तापत्र

हौशी आकाशनिरीक्षकांच्या आमच्या मंडळाचं मासिक वार्तापत्र मी तीन वर्षं घेतेय. आठ पानं, साधा कागद. यानांच्या आणि मोहिमांच्या बातम्यांना पहिली दोन पानं जातात, ती मी चाळून सोडते, कारण त्या सगळीकडे वाचायला मिळतात. माझं वाचन सुरू होतं तिसऱ्या पानापासून.

तिथे महिन्याचा आकाशनकाशा असतो आणि त्याखाली वेळा: महिन्याच्या सुरुवातीला रात्री १०, मध्यावर ९, अखेरीस ८. तारे रोज साधारण चार मिनिटं आधी उगवतात, म्हणजे महिन्याला दोन तास, म्हणून एकच नकाशा महिनाभर पुरतो. पूर्व-पश्चिम उलटी का दिसते, हेही दर अंकात एका ओळीत सांगतात: नकाशा डोक्यावर धरा आणि मग बघा. नवीन माणसाला याहून जास्त काही लागत नाही.

नकाशाबद्दल एक तक्रार मात्र आहे. दीर्घिका आणि तारकागुच्छ लाल शाईत छापतात. अंधाराला सरावलेली नजर बिघडू नये म्हणून आपण लाल टॉर्च वापरतो, आणि त्या उजेडात लाल खुणा कागदावरून चक्क नाहीशा होतात. मी प्रत्येक अंकावर काळ्या पेनाने त्या गिरवून घेते. हे बदलायलाच हवं.

पण या अंकांचा जीव आहे तो पाचव्या-सहाव्या पानावरच्या निरीक्षण नोंदींत. ‘मृगातला तेजोमेघ, सहा इंची दुर्बीण, समलंबातले (तेजोमेघाच्या मधल्या ताऱ्यांच्या गटातले) चार तारे स्पष्ट, पाचवा नाही.’ ‘देवयानी दीर्घिका नुसत्या डोळ्यांनी दिसली नाही. ढग नव्हते, हवा धुरकट.’ काय दिसलं नाही आणि का दिसलं नाही, हे इतक्या सरळपणे छापलेलं मी दुसरीकडे क्वचितच वाचलंय. सुंदर फोटो पाहून दुर्बिणीला डोळा लावणारा माणूस हिरमुसतो. या नोंदी वाचलेला माणूस हिरमुसत नाही, कारण काय अपेक्षा ठेवायची हे त्याला माहीत असतं.

त्याच पानावर अलगोलच्या मंदीच्या वेळा येतात. ययाती तारकासमूहातला हा तारा दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी मंदावतो, कारण त्याचा अंधूक जोडीदार त्याच्यासमोरून जातो. १७८३ मध्ये जॉन गुडरिक या १८ वर्षांच्या, ऐकू न येणाऱ्या मुलाने हा काळ मोजला आणि कारणाचा अंदाजही मांडला, तोही नुसत्या डोळ्यांच्या निरीक्षणावरून. वार्तापत्रात तुलनेचे तारे, म्हणजे ज्यांच्याशी अलगोलचं तेज ताडून बघायचं ते, दिलेले असतात, आणि शेजारचा ऱ्हो तारा वापरू नका अशी सूचनाही, कारण त्याचं स्वतःचंच तेज बदलतं. ही सूचना अनुभवी माणसाशिवाय कुणाला सुचत नाही.

एका अंकात या वेळांनी मला फसवलं. दिलेल्या वेळेच्या आधी तीन तास मी गच्चीवर होते आणि अलगोल जराही उतरला नाही. मी तशीच नोंद पाठवली: ‘दिसलं नाही, आकाश स्वच्छ.’ पुढच्या अंकात ती नोंद जशीच्या तशी आली, आणि पहिल्याच पानावर दुरुस्ती: यादी चुकून जागतिक वेळेत (म्हणजे आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे) छापली गेली होती, स्थानिक वेळेत बदलायची राहिली होती. चूक आतल्या पानात दडवली नाही. माझा विश्वास त्या दिवशी बसला.

फोटोंच्या पानावर अजून काम हवं. किती सेकंदांचं छायाचित्र, किती फोटो एकत्र केले, यातलं काहीच लिहीत नाहीत, त्यामुळे शिकायला काही मिळत नाही. संपादकांनी छायाचित्रकारांना एवढं विचारायलाच हवं.

दुरुस्त यादी हातात आल्यावर मी पुन्हा गच्चीवर गेले. नऊ वाजता अलगोल देवयानीतल्या गॅमा ताऱ्याच्या बरोबरीचा होता. रात्री दीडला तो त्रिकोण तारकासमूहातल्या अल्फा ताऱ्याइतका उतरला होता, म्हणजे २.१ प्रतीवरून ३.४ वर (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा जितका मोठा तितका तारा अंधूक). ही नोंद मी पाठवली आहे.