फोन कुठे उघडायचा: कंपनीत, कारागिराकडे की आपल्याच टेबलावर?

वॉरंटी शिल्लक असेल तर फार डोकं खाजवू नका, सरळ कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला द्या. खरा प्रश्न वॉरंटी संपल्यावर सुरू होतो.

सर्व्हिस सेंटरची जमेची बाजू म्हणजे अस्सल भाग आणि त्या कामाची हमी. पण तिथे बारीक दुरुस्ती सहसा होत नाही. एक आयसी (म्हणजे बोर्डावरची छोटी चिप) गेली तर अख्खा बोर्ड बदलतात, बोर्डासोबत आतले फोटोही जातात आणि बिल ऐकून माणूस नव्या फोनच्या जाहिराती बघायला लागतो. (कंपनीची त्याला हरकत नसते!) चांगला कारागीर मायक्रोस्कोपखाली तेवढीच आयसी काढून दुसरी बसवतो. पाण्यात पडलेल्या फोनमधला डेटा हवा असेल तर मी त्याच्याकडेच जाईन.

त्याची अडचण हाताची नाही, भागांची. हल्ली अनेक भागांचा सिरीयल नंबर फोनशी जोडलेला असतो. दुसऱ्या फोनमधली अस्सल स्क्रीन लावली तरी इशारा झळकतो, कधी एखादी सोयच बंद पडते. याला पार्ट्स पेअरिंग म्हणतात. अमेरिकेतल्या ओरेगन राज्याने २०२४ च्या कायद्यात नव्या उपकरणांसाठी त्याला लगाम घातला.

राहिलं आपलं टेबल. बॅटरी बदलणं जमण्यासारखं आहे, बोर्डाला हात लावू नये. आधी चार्ज २५ टक्क्यांखाली आणा. स्क्रू काढाल तसे कागदावर फोनचं चित्र काढून त्या-त्या जागी ठेवा, कारण त्यांची लांबी वेगवेगळी असते आणि आखूड स्क्रूच्या भोकात लांब स्क्रू पिळला की खालचा बोर्ड जातो. बॅटरीखालची चिकटपट्टी सावकाश, जवळजवळ आडवी ओढायची. ती तुटली की लोकांचा हात चाकूकडे जातो आणि आग लागते ती तिथेच. बॅटरी आधीच फुगली असेल तर हा उद्योग कारागिरावर सोडा. फोन एकदा उघडला की पाण्यापासूनचं संरक्षणही पूर्वीसारखं राहिलं असं धरू नका.

अॅपलने २०२२ मध्ये अमेरिकेत ग्राहकांना भाग आणि मॅन्युअल द्यायला सुरुवात केली. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून बाजारात येणाऱ्या फोनचे ठरावीक सुटे भाग, त्या मॉडेलची विक्री थांबल्यावरही सात वर्षं पुरवावे लागतात. म्हणून पुढचा फोन घेण्याआधी मी कॅमेऱ्याच्या आधी त्याची बॅटरी सुटी मिळते का, हे बघतो.