‘सादोक याजक’ची फुकटची स्वरलिपी: मिरज-सांगलीच्या क्वायरला चालेल का?

हँडल या संगीतकाराचं ‘झेडॉक द प्रीस्ट’ हे क्वायरसाठीचं (समूहगायकांसाठीचं) गाणं. झेडॉक म्हणजे मराठी बायबलातला सादोक याजक, शलमोनाला अभिषेक करणारा. 11 ऑक्टोबर 1727 ला ब्रिटनचा राजा दुसऱ्या जॉर्जच्या राज्याभिषेकात वेस्टमिन्स्टर ॲबीत ते प्रथम गायलं गेलं. आयएमएसएलपी या मोफत स्वरलिपींच्या संकेतस्थळावर क्रायसँडर या संपादकाने तयार केलेली पूर्ण स्वरलिपी मोफत मिळते, पण ती क्वायरच्या हातात देऊ नका. सोप्रानो, अल्टो, टेनर हे (उंच ते खालचे) तिन्ही आवाज जुन्या सी क्लेफमध्ये लिहिलेत (क्लेफ म्हणजे ओळीवर कुठला स्वर कुठे ते सांगणारी खूण); आजचे नेहमीचे ट्रेबल-बास क्लेफ वाचणाऱ्याची पहिल्याच ओळीला पंचाईत होते. ही प्रत कंडक्टरपुरती ठेवा, तीही ए-थ्री कागदावर. ए-फोरवर एका पानावरच्या वीसेक ओळी म्हणजे मुंग्यांची रांग.

गाणाऱ्यांना सीपीडीएल या क्वायर-संगीताच्या मोफत संकेतस्थळावरची आधुनिक क्लेफची प्रत सोयीची. ती स्वयंसेवकांनी टाइप केलेली असते, म्हणून शार्प-नॅचरलच्या (स्वर तीव्र की शुद्ध ते सांगणाऱ्या) खुणा क्रायसँडरशी ताडून मगच झेरॉक्सला टाका.

खरी अडचण पुढेच. सुरुवातीचे 22 बार (तालाचे खंड) नुसती वाद्यं आणि 23 व्या बारला सात आवाज एकदम. कीबोर्डवाला मध्येच धावला की ती एंट्री फुटते. मेट्रोनोम लावून हे बार वेगळे घोटा आणि गाणाऱ्यांच्या प्रतीवर बारचे आकडे हाताने लिहा. शेवटच्या ‘आलेलुया’च्या ताना बास (सगळ्यात खालचा आवाज) हमखास ओढतो, आधी हळू, अक्षर न घेता ‘आ’कारात बसवा. श्वास सगळ्यांनी एकाच जागी घेऊ नये.

सराव रेकॉर्डिंगवर करणार असाल तर स्वर तपासा. मूळ डी मेजर, म्हणजे पेटीवरची पांढरी दोन. जुन्या वाद्यांवरची रेकॉर्डिंग बहुधा 415 हर्ट्झला, म्हणजे आजच्यापेक्षा अर्धा स्वर खाली लावलेली असतात, ती काळी एकला वाजतात. त्यावर पाठ केलेलं कीबोर्डवर अर्धा स्वर चढं लागतं आणि सोप्रानो कुरकुरतात. लग्नाच्या बँडमधला ट्रम्पेट घेणार असाल तर तो सहसा बी फ्लॅटचा, म्हणजे लिहिलेल्यापेक्षा एक स्वर खाली वाजणारा. त्याचा पार्ट ई मेजरमध्ये लिहून द्यावा लागतो, फुकटच्या प्रतीत तो तयार मिळेल असं धरून चालू नका.

एका आवाजाला चार जण धरले तरी 28 हवेत. तेवढे नसतील तर त्याच राज्याभिषेकाचं ‘लेट दाय हँड बी स्ट्रेंग्थन्ड’ काढा: आवाज पाच आणि ट्रम्पेट-नगारे नाहीतच.