कुळे, नेरळ की रेवाडी : छोट्या मॉडेल रेल्वे लेआउटसाठी जुनं लोकोशेड निवडताना

आधी जागेचं बघू. गोव्यात घर मोठं असलं तरी हॉल आपला नसतो, चवथीला तिथे गणपती बसतो, वर माटोळी बांधतात आणि त्या आठवड्यात तुमचं लेआउट (बोर्डावर मांडलेली छोटी रेल्वे) कुठेतरी उभं करून ठेवावंच लागतं, त्यामुळे दोघांना उचलता येईल असं चार बाय दोन फुटांचं बोर्ड धरून चाला. हे चार फूट म्हणजे 1:87 स्केलमध्ये खऱ्यातले जेमतेम 106 मीटर. पूर्ण स्टेशन विसरा. पण इंजिनं उभी राहतात, पाणी घेतात, राख टाकतात ती जागा नीट बसते, म्हणून लोकोशेड ही कल्पना मुळात चांगलीच आहे. प्रश्न एवढाच की कुठलं.

आपल्या मनात अर्थात कुळे. मुरगाव ते कॅसलरॉक ही मीटर गेज (रुळांमधलं अंतर 1 मीटर) लाइन, पोर्तुगीज आणि इंग्रजांच्या 1878 च्या करारातून निघालेली, 1888 पर्यंत घाटासकट सुरू झाली, आणि 1902 पासून सदर्न मराठा रेल्वेने चालवायला घेतली. कुळे घाटाच्या पायथ्याला. तिथून कॅसलरॉकपर्यंत साधारण 26 किलोमीटर, चढ 37 ला 1 च्या आसपास, म्हणजे गाडीला जादा इंजिन लावल्याशिवाय भागत नाही. आता छोट्या लेआउटवर हे सोनं आहे, कारण गाडी येते, थांबते, बँकर (मागून ढकलणारं जादा इंजिन) येऊन मागे लागतो, गाडी बोगद्यात जाते आणि थोड्या वेळाने बँकर एकटाच परत येतो, मग कोळसा, राख, पाणी. फिरवायला गोल ट्रॅक नसला तरी खेळ संपत नाही. भिंती चिऱ्याच्या, वर मंगळुरी कौलं, मातीचा रंग तर दारातलाच घ्या.

पण रिसर्चच्या बाबतीत कुळे छळतं. मीटर गेज 1990 च्या दशकात गेलं, ब्रॉड गेज आलं आणि यार्डाचा चेहराच बदलला. त्यामुळे कागद शोधायचे: पणजीचं पुराभिलेख खातं, पाट्टोवरची कृष्णदास शामा लायब्ररी, आणि शोधताना कुळे म्हणून नाही तर कोलेम, मोर्मुगांव अशा पोर्तुगीज स्पेलिंगने विचारायचं, नाहीतर काही नाही म्हणून परत पाठवतील. पोर्तुगीज वाचता येणारी एखादी म्हातारी मावशी प्रत्येक वाड्यावर असतेच, तिला धरा. आणि वास्को-कुळ्याकडचे रिटायर्ड ड्रायव्हर, फायरमन, खलाशी. पाण्याचा स्टँड कुठल्या बाजूला होता हे नकाशापेक्षा ते बरोबर सांगतील, फक्त साल त्यांना विचारू नका.

जुना फोटो मिळाला तर माप त्यातच असतं. समोरून घेतलेल्या फोटोत दोन रुळांमधलं अंतर बरोबर 1 मीटर, त्यावरून त्याच रेषेतल्या वस्तूंची रुंदी काढता येते (मागची भिंत मात्र या हिशेबाने मोजू नका, ती लांब असल्यामुळे लहान दिसते). भिंतीसाठी चिऱ्यांच्या ओळी मोजायच्या, आणि त्याच भागातल्या एखाद्या जुन्या भिंतीला टेप लावून एका ओळीची उंची घ्यायची. माप काढायला रुळावरून चालत जाऊ नका हां, दूधसागरच्या नादात लोक जातात आणि रेल्वे कायद्याच्या 147 कलमाखाली अडकतात.

काळसुद्धा आधी ठरवा. 1955 मध्ये गोव्याच्या नाकेबंदीत हद्दीवरची वाहतूक बंद पडली ती गोवामुक्तीनंतरच सुरू झाली, म्हणजे 1958 सालचं लेआउट करून त्यावर हुबळीची गाडी आणली तर कोणीतरी पकडणारच. माझं मत, मुक्तीनंतरचा काळ घ्या, वायजी (मीटर गेजचं मालगाडीचं वाफेचं इंजिन) चालतं आणि ते ओळखणारी माणसं अजून आहेत.

नेरळ याच्या अगदी उलट. माथेरानची लाइन 1907 ची, आदमजी पीरभॉय घराण्याने बांधलेली, गेज 610 मिमी, आणि शेड अजून चालू. पनवेलला उतरा, तिथून रस्त्याने जा, परवानगी मागा, प्रत्यक्ष बघा. मूळची ओरेन्स्टाइन अँड कोप्पेलची छोटी टँक इंजिनं होती, त्यामुळे शेडही आटोपशीर आणि इंजिन फिरवायचं टर्नटेबल नको. चार फुटांत आरामात बसतं, जागा उरते. 009 या मॉडेल प्रकारात (1:76 स्केल, 9 मिमी ट्रॅक) छोटी इंजिनं तयार मिळतात, थोडी कापाकापी केली की काम झालं, पण 9 मिमी ट्रॅक 1:76 ला हिशेबाने जरा रुंद पडतो, ते डोळ्याआड करायचं. खरं सांगू, पुढच्या चवथीआधी काहीतरी पळताना बघायचं असेल तर नेरळच घ्या. फक्त त्यात गोवा नाही.

रेवाडी हरयाणात. 1893 चं शेड, आता हेरिटेज म्युझियम, वाफेची इंजिनं तिथे अजून जिवंत आहेत, अकबर नावाचं डब्ल्यूपी (ब्रॉड गेजचं पॅसेंजर इंजिन), रेवाडी किंग नावाचं वायजी. गोवा एक्सप्रेसने दिल्ली गाठून जाता येतं, आणि गंमत म्हणजे ती गाडी कुळ्याहूनच घाट चढते. लेआउटसाठी रेवाडी मला मोठं वाटतं, सगळं घ्यायला गेलात तर अर्ध्यात कापावं लागेल. पण वायजी जवळून बघायचं, राख टाकायचा खड्डा रुळांच्या मधे किती खोल असतो, त्याच्या कडेच्या विटा कशा जळून काळ्या-तांबड्या होतात, छपराला धूर जायला फट कुठे ठेवतात, हे बघायला तिथे एक चक्कर माराच.

म्हणून मी विचारणाऱ्याला सांगतो की विषय कुळ्याचा घ्या, तपशील रेवाडीहून आणा. ट्रॅक 12 मिमीचा, पेको कंपनीचा एचओएम (1:87 मधला मीटर गेज) मिळतो, मीटर गेजला 1:87 मध्ये तो जवळजवळ बरोबर बसतो. वायजी तयार मिळेल या आशेवर बसू नका, बॉडी थ्रीडी प्रिंट करून खाली जर्मन टीटीचं (1:120 स्केल, ट्रॅक 12 मिमीच) चेसिस जुळवावं लागेल, आणि ते जमेल की नाही हे बोर्ड कापायच्या आधी बघून घ्या. इंजिन 19 मीटरच्या आसपास, म्हणजे मॉडेल साधारण 22 सेंटीमीटर, दोन इंजिनं एकामागे एक उभी केली की अर्धा मीटर गेलाच. प्लाय मरीनच घ्या, साधा आपल्या पावसात फुगतो आणि रुळांचे सांधे उघडतात.