पहिल्या वर्षाचा सेमिनार शिकवायला शिकवणारा ऑनलाइन कोर्स : अर्धा जरूर करा, अर्धा पळवत बघा

विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या पंधरावीस पोरांचा सेमिनार, म्हणजे लेख वाचून येऊन चर्चा करायचा छोटा वर्ग, पहिल्यांदाच गळ्यात पडलाय अशांसाठी हा रिव्ह्यू. ५ पैकी साडेतीन. कोर्सचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, कारण या प्रकारच्या कोर्सेसचा साचा जवळपास सारखाच असतो, तुम्ही दुसरा कुठलाही घेतलात तरी काय बघायचं आणि काय सोडायचं एवढं यावरून कळेल.

पहिला भाग इतिहासाचा. सेमिनार ही भानगड मुळात जर्मन विद्यापीठांतली, १७८७ मध्ये हाले विद्यापीठात वोल्फ या प्राध्यापकांनी प्राचीन ग्रीक-लॅटिन ग्रंथांच्या अभ्यासाचा सेमिनार सुरू केला, मग १९३० मध्ये अमेरिकेतल्या फिलिप्स एक्झिटर शाळेत हार्कनेस नावाच्या देणगीदाराच्या पैशातून लंबगोल टेबलाभोवती बसून शिकायची पद्धत आली, मग १९५९ मध्ये हार्वर्डने खास फर्स्ट इयरसाठी सेमिनार काढले वगैरे वगैरे. ऐकायला मजा येते पण सोमवारी सकाळी वर्गावर जायचंय त्या माणसाला याचा काय उपयोग! दीडपट स्पीडवर लावून चहा प्या.

खरा माल दुसऱ्या भागात आहे, प्लॅनिंगच्या. विगिन्स आणि मॅकटाय या दोघा शिक्षणतज्ज्ञांची बॅकवर्ड डिझाइनची पद्धत त्यात सांगितलीय, म्हणजे टर्म संपल्यावर पोरांना काय करता आलं पाहिजे ते आधी ठरवायचं, ते आलंय हे कशावरून ओळखायचं ते मग, आणि कुठल्या आठवड्यात काय वाचायचं हे सगळ्यात शेवटी. आपण नेमकं उलटं करतो ना, आधी आवडत्या लेखांची यादी बनवतो आणि मग त्यातून काहीतरी निघेल म्हणून बसतो. कोर्समध्ये एक नियम भारी आहे, उद्दिष्ट लिहिताना 'समजेल', 'माहीत होईल' हे शब्द वापरायलाच बंदी, कारण समजलंय की नाही ते डोळ्याला दिसत नाही. त्याऐवजी 'दोन लेखकांमधला वाद चार वाक्यांत मांडता येईल' असं काहीतरी लिहा. ऐकायला किरकोळ वाटतं, पण एकदा बसून केलं की यादीतले निम्मे लेख आपोआप गळतात. लेख वीस पानांचा असला तरी त्यातली कुठली तीनचार पानं वर्गात समोर उघडी ठेवून बोलायचं तेही आधीच ठरवायला लावतात, हे मला फार पटलं.

तिसरा भाग प्रश्न विचारण्याचा, आणि पूर्ण कोर्स याच्यासाठी करावा असं माझं मत. तुमचे प्रश्न तीन ढिगांत टाका म्हणतात. उत्तर थेट पानावर सापडतं असे, उत्तर फक्त तुमच्या डोक्यात आहे आणि पोरांनी ते ओळखायचंय असे, आणि दोन शहाणी माणसं दोन वेगळी उत्तरं देतील असे. चर्चा फक्त तिसऱ्या ढिगातून होते. पहिला ढीग वॉर्मअपला चालतो, दुसरा सरळ कचऱ्यात.

मग येतो थांबण्याचा विषय. मेरी बड रो या संशोधिकेने १९७० च्या दशकात दाखवलेलं की शिक्षक प्रश्न टाकून सरासरी एक सेकंदच थांबतात, आणि तेच तीन सेकंदांवर नेलं की उत्तरं लांब होतात, एरवी गप्प बसणारी पोरंही तोंड उघडतात. ते शाळेतले विज्ञानाचे वर्ग होते, पण सेमिनारला हे तंतोतंत लागू पडतं. गृहपाठ म्हणून तुम्हाला स्वतःच्या तासाचं ऑडिओ रेकॉर्डिंग करून मधल्या शांततेचे सेकंद मोजायला लावतात. करून बघाच. पाच सेकंद वर्गात उभं राहून काहीही न बोलणं म्हणजे काय असतं ते करणाऱ्यालाच कळतं, हात आपोआप खडूकडे जातो, तोंडातून 'म्हणजे मला असं म्हणायचंय की' निघायला बघतं. माझ्याकडे अशाच एका लांबलेल्या शांततेनंतर खिडकीशी बसणारा एक मुलगा म्हणाला, "मॅडम, पण हे लेखकाने सिद्ध कुठे केलंय? नुसतं म्हटलंय." पुढचा अर्धा तास त्याच वाक्यावर गेला आणि मी जेमतेम दोनदा बोलले असेन.

याच भागात चर्चेचा नकाशा काढायलाही शिकवतात. कागदावर गोल काढा, बसल्या जागी नावं लिहा, एक जण बोलला आणि त्यावर दुसरा बोलला की दोघांत रेघ. बहुतेकांचा पहिला नकाशा सायकलच्या चाकासारखा निघतो, सगळे आरे मधे, म्हणजे शिक्षकाकडे. रेघा पोरापोरांत जायला लागल्या की समजायचं सेमिनार होतोय.

आता तक्रारी.

डेमो व्हिडिओतला वर्ग बघून हसू येतं. सगळ्यांनी सगळं वाचलेलं, सगळे हसतमुख, सगळे आळीपाळीने बोलतायत, असला वर्ग पृथ्वीतलावर कुठे भरत असेल तर मला बदली द्या. निम्म्यांनी वाचलेलंच नसेल तर काय करायचं यावर पूर्ण कोर्समध्ये एक अक्षर नाही, आणि फर्स्ट इयरचा मुख्य प्रश्न तोच आहे! मानसशास्त्रज्ञ ॲरन्सन यांची १९७१ ची जिगसॉ पद्धत शिकवतात, प्रत्येक गटाने एकेक तुकडा वाचायचा, मग गट मोडून नवे गट करायचे आणि आपापला तुकडा बाकीच्यांना समजवायचा. पद्धत छानच आहे, पण ज्याच्याकडे तुकडा होता त्याने घरी वाचलंच नाही तर अख्ख्या गटाचं कोडं अर्धवट राहतं. मी ते वाचन वर्गातच दहा मिनिटं करून घेते, पेन्सिलने एक वाक्य अधोरेखित करायला सांगते, न पटलेलं. मग चालतं. हे कोर्सने सांगायला हवं होतं.

शाळा एका भाषेत झाली आणि इथलं वाचन दुसऱ्या भाषेत, अशी पोरं असतात, त्यांच्याबद्दलही चकार शब्द नाही. ती गप्प असतात ती विचार करत नाहीत म्हणून नव्हे, वाक्य जुळवेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो म्हणून. लायमन या शिक्षणतज्ज्ञांचं १९८१ चं थिंक-पेअर-शेअर, म्हणजे आधी एकट्याने विचार, मग शेजाऱ्याशी, मग सगळ्यांसमोर, या पोरांसाठी फार कामाचं आहे, पण कोर्समध्ये ते 'वर्गात ऊर्जा आणण्यासाठी' म्हणून दोन मिनिटांत गुंडाळलंय. ऊर्जा कसली डोंबलाची.

मार्किंगचा भाग तर सोडूनच द्या. रुब्रिकचा, म्हणजे कशाला किती मार्क द्यायचे याचा, एवढा मोठा तक्ता दिलाय की भरता भरता टर्म संपेल. चर्चेतल्या सहभागाला मार्क किती वेळा बोलला यावर द्यायचे की दुसऱ्याचं ऐकून त्यात भर घातली यावर, या खऱ्या भांडणाला हातच घातलेला नाही. आणि तुमचा प्लॅन इतर शिकणाऱ्यांकडून तपासून मिळतो म्हणतात, मला मिळालेला शेरा, 'खूप सुंदर, कीप इट अप'. धन्यवाद.

हेल्पलाइनकडून उत्तर यायला वेळ लागतो, पण येतं.

वर्षानुवर्षं सेमिनार घेणाऱ्यांना यात नवीन फार काही नाही, नवीन लागलेल्यांनी दुसरा आणि तिसरा भाग टर्म सुरू व्हायच्या आधी करा, सुरू झाल्यावर वेळ मिळत नाही. सर्टिफिकेटचा पर्याय घेतला नाही तरी व्हिडिओ सगळे दिसतात, फक्त टेम्पलेट डाउनलोड होत नाहीत, आणि त्यांच्यावाचून काही अडतही नाही.