दुसऱ्या रेसिडेन्सीसाठी इरास: अर्ज होतो, पण गॅप तुम्हालाच मांडावी लागते

अमेरिकेत रेसिडेन्सीचा, म्हणजे स्पेशालिटीतल्या हॉस्पिटल-प्रशिक्षणाचा, अर्ज म्हणजे इरास ही ऑनलाइन सेवा. एएएमसी या मेडिकल कॉलेजांच्या संघटनेची ही सेवा बेतलीय ती मेडिकल स्कूलच्या शेवटच्या वर्षातल्या विद्यार्थ्याच्या मापाने. इंटर्नल मेडिसिनची दोन वर्षं करून, वर्षभर थांबून सायकियाट्रीकडे वळणाऱ्या डॉक्टरलाही तीच वापरावी लागते. त्या दृष्टीने पाहिलं तर पाचपैकी तीन गुण.

पहिलं अडतं ते टोकनपाशी, म्हणजे नोंदणीच्या कोडपाशी. टोकन दर सीझनला नवं लागतं आणि तुमचं आताचं हॉस्पिटल ते देत नाही. अमेरिकेत शिकलेल्यांना ते जुन्या मेडिकल स्कूलकडून मिळतं, बाहेरून आलेल्यांना परदेशी पदव्या तपासणाऱ्या ईसीएफएमजीकडून. पदवी घेऊन कितीही वर्षं झाली तरी एमएसपीईसाठी (विद्यार्थीदशेतल्या कामगिरीचं डीन ऑफिसचं पत्र) पुन्हा शाळेचंच दार. अर्ज प्रोग्रामपुढे सप्टेंबरअखेर उघडतात (2024 मध्ये 25 सप्टेंबरला उघडले), पण डीन ऑफिसला मेल जूनमध्येच जायला हवा.

आता गॅपचा रकाना. प्रशिक्षणात खंड पडला का, हा प्रश्न इरास सरळ विचारतं आणि आधीची रेसिडेन्सी महिन्यांसकट नोंदवायला लावतं. लपवायला जागा नाही, आणि तेच बरं. घात होतो तो मोघम उत्तराने. ‘वैयक्तिक कारणांसाठी विश्रांती’ असं लिहिलं की वाचणाऱ्याच्या मनात सगळ्यात वाईट शक्यता आधी येते. त्याऐवजी असं लिहा (पीजीवाय-2 म्हणजे रेसिडेन्सीचं दुसरं वर्ष): ‘पीजीवाय-2 पूर्ण करून जूनमध्ये करारानुसार बाहेर पडलो, जुलै ते डिसेंबर वडिलांची शुश्रूषा, जानेवारीपासून आठवड्याला दोन दिवस सायकियाट्री ओपीडीत निरीक्षक.’ महिने, काम, संपलं. अनुभवांना जागा दहाच, त्यातले तीन ‘सर्वांत अर्थपूर्ण’ म्हणून निवडायचे, आणि वर्णनाला 750 अक्षरं. कॉलेजातली शिबिरं काढा. जुन्या रेसिडेन्सीतलं आणि गॅपमधलं काम आत घ्या. एकदा सर्टिफाय केलं की अर्जाचा बहुतेक भाग कुलूपबंद होतो. पर्सनल स्टेटमेंट आणि शिफारसपत्रं मात्र नंतरही जोडता येतात.

हीच या सेवेची सगळ्यात उपयोगी बाजू. स्टेटमेंट कितीही लिहा आणि प्रोग्रामनिहाय वेगवेगळी जोडा. जोडताना यादी दोनदा वाचा. सायकियाट्रीच्या प्रोग्रामला ‘मला हृदयरोगांची ओढ आहे’ हे पान गेलं तर दोष सॉफ्टवेअरचा नाही. पत्रं प्रत्येक प्रोग्रामला जास्तीत जास्त चार: एक आधीच्या प्रोग्राम डायरेक्टरचं, दोन नव्या स्पेशालिटीतली, एक तुमच्यासोबत वॉर्डात रात्री काढलेल्या अटेंडिंगचं, म्हणजे वरिष्ठ डॉक्टरचं.

डायरेक्टरचं पत्र नसेल तर बाकीच्या तिन्हींचं वजन उतरतं. आधीचं प्रशिक्षण असलेल्या रेसिडेंटला घेण्याआधी नव्या प्रोग्रामला जुन्या प्रशिक्षणाची पडताळणी आणि कामगिरीचं सारांश-मूल्यमापन मागवावंच लागतं. तो एसीजीएमईचा, म्हणजे रेसिडेन्सींना मान्यता देणाऱ्या संस्थेचा, नियम आहे. म्हणून शेवटच्या ड्युटीआधीच चार कागद हातात घ्या: महिनावार रोटेशनची यादी, सारांश-मूल्यमापन, प्रोसिजर लॉगची प्रत आणि किती महिन्यांचं क्रेडिट मिळालं याचं पत्र. वर्षभरात डायरेक्टर बदलतो, कोऑर्डिनेटर सोडून जाते, आणि मग एका सहीसाठी आठवडे जातात.

जागांचे प्रकार मात्र इरास धड समजावत नाही. ते एनआरएमपीच्या मॅचमध्ये, म्हणजे उमेदवार आणि प्रोग्राम यांच्या पसंतीक्रमांवरून जागा ठरवणाऱ्या व्यवस्थेत, कळतात. कॅटेगोरिकल म्हणजे पहिल्या वर्षापासून. ‘आर’ जागा आधी प्रशिक्षण झालेल्या डॉक्टरांसाठीच राखीव आणि त्याच वर्षी सुरू होणारी. ‘अॅडव्हान्स्ड’ जागा पुढच्या वर्षी सुरू होते: मार्च 2025 ला मॅच, तर रुजू जुलै 2026 ला. क्लिनिकल वर्ष आधीच झालेलं असेल आणि रेडिओलॉजी किंवा अॅनेस्थेशियाची अशी जागा मिळाली, तर बारा महिन्यांची गॅप व्यवस्थाच हातात ठेवते आणि तिचं स्पष्टीकरण कोणी मागत नाही. सुट्टी हवीच असेल तर याहून स्वच्छ वाट नाही.

निधीबद्दल इरासमध्ये अवाक्षर नाही, आणि मुलाखतीत दारं बंद होतात ती बरेचदा इथेच. मेडिकेअर ही सरकारी आरोग्य-विमा योजना रेसिडेंटमागे हॉस्पिटलला जे थेट पैसे देतं, त्यांची मुदत पहिल्या स्पेशालिटीवरून ठरते. इंटर्नल मेडिसिनला तीन वर्षं, सर्जरीला पाच. इंटर्नलची दोन वापरून सायकियाट्रीच्या पहिल्या वर्षात शिरलात, तर चारपैकी एकच वर्ष पूर्ण मोजलं जातं, उरलेली तीन निम्मी. मुदत प्रशिक्षणाच्या वर्षांनी खर्च होते, घरी बसल्याने नाही. मेडिकेअरच्याच दुसऱ्या, ‘इनडायरेक्ट’ निधीला ही कात्री लागत नाही, हेही कोऑर्डिनेटरला सांगता यायला हवं.

फीचा हिशेब स्पेशालिटीनिहाय असतो. 2025 च्या सीझनमध्ये पहिल्या 30 अर्जांना प्रत्येकी 11 डॉलर, त्यापुढे 30. एकाच स्पेशालिटीत 40 अर्ज म्हणजे 630 डॉलर. दोन स्पेशालिटींत वीस-वीस केले तर 440. प्रसूतिशास्त्र 2024-25 पासून इरासबाहेर, रेसिडेन्सीकॅस या दुसऱ्या अर्ज-सेवेवर गेलंय. नेत्रचिकित्सेची वाट एसएफ मॅच या वेगळ्या मॅचमधून.

गॅपमध्ये मूनलाइटिंगवर (सुट्या पाळ्यांच्या डॉक्टरीवर) भागवू म्हणणाऱ्यांनी लायसन्स आधी बघावं. प्रोग्रामला बांधलेलं ट्रेनिंग लायसन्स प्रोग्रामबरोबर जातं. पूर्ण लायसन्सला स्टेप 3 ही परीक्षा लागते, आणि नियंत्रित औषधं लिहून देण्यासाठीच्या डीईए नोंदणीचे तीन वर्षांचे 888 डॉलर वेगळे.

जे-1 व्हिसावर असाल तर हा सगळा बेत बहुधा लागूच होत नाही. स्पेशालिटी एकदाच बदलता येते, तीही अमेरिकेत आल्यापासून दोन वर्षांच्या आत. आणि प्रोग्राम संपल्यावर देशात राहायला मिळतात ते 30 दिवस, 12 महिने नव्हे.