यामाहा टीआरबीएक्स 174 आणि फेंडर रंबल 40: एक लग्नसराई, एक पावसाळा आणि एक गणपती वाजवून झाल्यावर

यामाहा टीआरबीएक्स 174 ही माझी बास गिटार, म्हणजे खर्जातले सूर देणारी गिटार, आणि फेंडर रंबल 40 हा तिचा ॲम्प, म्हणजे आवाज वाढवणारा स्पीकरचा डबा. ही जोडी वापरल्यावर, हौशी बासिस्टने गिटारवर बेताचे पैसे घालावेत आणि गिटारपासून साउंडवाल्याच्या मिक्सरपर्यंतच्या वाटेवर सढळ हाताने खर्च करावा, असं माझं आता ठाम मत झालं आहे. दुकानात चर्चा गिटारच्या लाकडाची होते. मंडपात मात्र लोकांच्या कानावर काय पडणार, हे केबल, डीआय बॉक्स (गिटारचा सिग्नल मिक्सरला जोडण्याजोगा करणारी डबी) आणि ॲम्पची जागा या तीन गोष्टी ठरवतात.

आमचा ग्रुप नोकरी सांभाळून वाजवणाऱ्यांचा. पुणे आणि पिंपरी-चिंचवडमधल्या सोसायट्या, गणपती मंडळं, कोजागरी, लग्नाआधीचं संगीत असे कार्यक्रम करतो. जुनी हिंदी गाणी, भावगीतं, कोळीगीतं आणि शेवटाकडे एखाद-दोन लावण्या. साथीला कीबोर्ड, ऑक्टोपॅड, ढोलकी-तबला, लीड गिटार आणि मी. आमच्यासारख्या बऱ्याच ग्रुपमध्ये बास गिटार नसतेच. कीबोर्डवाला डाव्या हाताने ते काम उरकतो. त्यामुळे बासिस्ट ठेवायचा तर त्याचा फरक ऐकू यायला हवा, ही अपेक्षा असते आणि ती रास्तच आहे.

आता गिटारबद्दल. टीआरबीएक्स 174 ही चार तारांची, 34 इंच स्केलची (म्हणजे तारेची वाजणारी लांबी), 24 फ्रेटची (म्हणजे मानेवरच्या आडव्या पट्ट्या) बास. यात पुढचा पिकअप (तारेचं कंपन टिपणारं चुंबकाचं वेटोळं) प्रिसिजन पद्धतीचा, म्हणजे दोन तुकड्यांत विभागलेला, आणि मागचा जॅझ बास पद्धतीचा सिंगल कॉइल, म्हणजे एकाच वेटोळ्याचा. दोन व्हॉल्यूम, एक टोन, बस. हिच्या आत प्रीॲम्प (सिग्नल आधीच वाढवणारं सर्किट) नाही, त्यामुळे नऊ व्होल्टची बॅटरी नाही. मला हे फार मोलाचं वाटतं. सक्रिय सर्किटच्या बासमध्ये जॅक लावून ठेवला की बॅटरी चालू राहते, आणि कार्यक्रमाच्या दिवशी साउंडचेक ते पहिलं गाणं यांत दोन-तीन तास सहज जातात. बॅटरीविना चालणाऱ्या, म्हणजे पॅसिव्ह बासला तो घोर नाही.

दोन पिकअपचा खरा उपयोग मला आवाजाच्या पोतापेक्षा गुणगुण घालवण्यासाठी झाला. मंडपात एलईडी माळा, डिमर, जनरेटर आणि कुठूनतरी ओढलेली वायर असते. सिंगल कॉइल पिकअप हे सगळं पकडतो. विभागलेल्या पिकअपची दोन अर्धुकं एकमेकांच्या उलट गुंडाळलेली असतात, त्यामुळे बाहेरून येणारी गुणगुण दोन्हींत एकमेकांना छेदते. 1957 साली फेंडरने प्रिसिजन बासवर ही रचना आणली आणि आजही ती तशीच चालते. रोषणाई सुरू झाली की मी मागच्या पिकअपचा व्हॉल्यूम शून्यावर नेतो, टोन अर्ध्यावर ठेवतो आणि कार्यक्रम संपेपर्यंत त्याला हात लावत नाही. घरी रियाजाला मात्र दोन्ही पिकअप उघडे असतात. मागच्या पिकअपमुळे बोटांची प्रत्येक कुचराई स्पष्ट ऐकू येते आणि हात सुधारतो.

24 फ्रेटचं कौतुक मला नाही. आमच्या गाण्यांत बाराव्या फ्रेटच्या वर जायची वेळ क्वचित येते. तो दागिना आहे, असला तर असू दे.

पावसाळ्यात नेक, म्हणजे गिटारची मान, हलते. कुठल्याही लाकडी वाद्याची हलते, त्यात या गिटारचं वेगळं काही नाही. जूनपासून हवेतला ओलावा वाढला की तारा फ्रेटबोर्डापासून वर गेल्यासारख्या किंवा खाली चिकटल्यासारख्या वाटू लागतात. तपासायची रीत सोपी आहे: पहिला आणि शेवटचा फ्रेट एकाच वेळी दाबायचा आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तारेखाली किती फट राहते ते बघायचं. जाडसर व्हिजिटिंग कार्डाएवढी फट असली की माझं काम भागतं. ट्रस रॉड (नेकच्या आतली, तिचा बाक बदलणारी सळई) फिरवायचा तर एका वेळी पाव आट्यापेक्षा जास्त नाही, आणि मग एक रात्र तसंच सोडून सकाळी पुन्हा बघायचं. ज्यांना हे जमत नाही त्यांनी वर्षातून दोनदा, पावसाच्या आधी आणि नंतर, गिटार सेटअप करून घ्यावी. त्या सेटअपचे पैसे आवाज बदलणाऱ्या नव्या पेडलपेक्षा कितीतरी चांगले लागतात.

तारांवर जरा रेंगाळतो, कारण आवाजातला सर्वांत मोठा बदल मला तिथे मिळाला. गिटारबरोबर आलेल्या गोल वेढ्याच्या तारा, म्हणजे राउंडवाउंड, सुरुवातीला खणखणीत असतात. मे महिन्यातल्या उघड्या मैदानातल्या कार्यक्रमांनंतर घामाने त्या मंद झाल्या. प्रत्येक कार्यक्रमानंतर सुती फडक्याने तारा वरून आणि खालून पुसल्या की आयुष्य वाढतं. उकळत्या पाण्यात दहा मिनिटं ठेवून वाळवल्या की थोडे दिवस जीव परत येतो, हा जुना उपायही खरा आहे. पण पावसाळ्यात मी डॅडारिओच्या क्रोम्स, 45 ते 100 जाडीच्या फ्लॅटवाउंड तारा लावल्या आणि जुन्या गाण्यांसाठी हवा तो आवाज सापडला. सपाट पट्टीचा वेढा असल्यामुळे बोट सरकताना घासल्याचा आवाज येत नाही, सूर गोल येतो, लवकर विझतो आणि तबल्याला जागा देतो. साठ-सत्तरच्या दशकांतल्या हिंदी गाण्यांतला बास ऐकून वाढलेल्या माणसाला हा आवाज लगेच ओळखीचा वाटतो. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात बास वाजवणारे टोनी वाझ किती कमी सुरांत गाणं पुढे ढकलत, हे हेडफोन लावून ऐकावं. मुंबईच्या स्टुडिओंत गोव्याच्या वादकांनी केलेलं काम आमच्या पिढीसाठी शाळाच आहे.

फ्लॅटवाउंड महाग पडतात आणि त्यांचा ताण मला थोडा जास्त जाणवला, त्यामुळे नेक पुन्हा जुळवून घ्यावी लागली. पण त्या मंदपणासाठीच लावायच्या असल्याने लवकर बदलाव्या लागत नाहीत. ज्यांचा भर रॉकवर किंवा अंगठ्याने ठोकून वाजवण्यावर आहे त्यांनी या तारांच्या वाटेला जाऊ नये.

चार तारा की पाच, हा प्रश्न आपल्याकडे वेगळा आहे. आपले गायक काळी-पांढरीत बोलतात, म्हणजे पेटीच्या कोणत्या पट्टीवर सा धरायचा ते सांगतात. पुरुष बहुधा काळी एक किंवा काळी दोन, बायका काळी चार किंवा काळी पाच. कीबोर्डवाला ट्रान्सपोजचं बटण दाबून मोकळा होतो. बासिस्टला असं बटण नाही. काळी चार म्हणजे जी शार्प, तो सर्वांत जाड, म्हणजे ई तारेच्या चौथ्या फ्रेटवर, 52 हर्ट्‌झच्या आसपास, भरदार मिळतो. काळी एक म्हणजे सी शार्प, तो शेजारच्या ए तारेच्या चौथ्या फ्रेटवर 69 हर्ट्‌झला मिळतो, आणि त्याखालचा 35 हर्ट्‌झचा सा चार तारांवर नाहीच. काळी दोनचीही तीच गत, खालचा डी शार्प हवा तर ई तार अर्धा सूर उतरवावी लागते. म्हणजे चार तारांवर अशा पट्ट्यांत मंद्रातला सा सोडून द्यावा लागतो, आणि उघड्या तारा सा-पला उपयोगी पडत नाहीत. बोटं सतत दाबलेली राहतात. सुरुवातीला मनगट भरून येतं, म्हणून नवशिक्यांनी रियाज काळी एक आणि काळी चारमध्येच करावा, सी आणि जीमध्ये नव्हे.

एवढं असूनही मी पाच तारांकडे गेलो नाही, आणि त्याचं कारण स्पीकर. सोसायटीच्या कार्यक्रमात दोन स्टँडवरचे टॉप, म्हणजे मुख्य स्पीकर, असतात, सबवूफर असेलच असं नाही. असे टॉप 35 हर्ट्‌झ काढत नाहीत. ई तारेचा मूळ 41 हर्ट्‌झसुद्धा त्यांतून नीट येत नाही. कान त्याच्या वरचे 82 आणि 123 हर्ट्‌झचे उपसूर ऐकतो आणि मूळ सूर स्वतः भरून काढतो. म्हणून छोट्या कार्यक्रमात बासचं बटण वाढवायचं नसतं. ते थोडं उतरवून मधला भाग वाढवला की बास ऐकू येतो. हे उलटं वाटतं, पण एकदा मागच्या रांगेत उभं राहून लूपवर, म्हणजे मुद्रित केलेला तुकडा पुन्हा पुन्हा वाजत ठेवून, स्वतःचा बास ऐकून बघा.

फेंडर रंबल 40 हा 40 वॉटचा, 10 इंची स्पीकरचा ॲम्प, वजन साधारण 8 किलो. एका हातात ॲम्प, पाठीवर गिटार आणि रिक्षात बसता येतं. लिफ्ट बंद असलेल्या चौथ्या मजल्यावरच्या टेरेस कार्यक्रमात या वजनाची किंमत कळते. पण मी तो घेतला तो मागच्या एक्सएलआर लाइन आउटसाठी, म्हणजे मिक्सरला थेट सिग्नल देणाऱ्या जॅकसाठी. घरच्या वापराच्या छोट्या ॲम्पमध्ये ही सोय बहुतेक वेळा नसते. ती असली की ॲम्प माझा स्वतःचा मॉनिटर होतो आणि प्रेक्षकांसाठीचा आवाज साउंडवाल्याच्या ताब्यात राहतो. मोठ्या ड्रमसेटसमोर एकटा 40 वॉट पुरणार नाही. ऑक्टोपॅड आणि ढोलकीच्या शेजारी मात्र तो व्यवस्थित टिकतो. हेडफोनचा जॅक आणि ऑक्स इन असल्यामुळे रात्रीचा रियाजही त्यावरच होतो.

ॲम्प कुठे ठेवायचा? प्लायवूडच्या पोकळ स्टेजवर सरळ ठेवला तर पूर्ण स्टेज एखाद्या डफासारखं घुमतं आणि एक-दोन सूर बाकीच्यांपेक्षा दुप्पट मोठे ऐकू येतात. प्लास्टिकच्या खुर्चीवर, थोडा मागे कलता ठेवा. आवाज पोटरीऐवजी कानाकडे येतो आणि स्टेज शांत राहतं. कोपऱ्यात, दोन भिंतींच्या सांध्यात तर ठेवूच नका, तिथे खर्ज फुगतो.

तरीही एक वेगळा डीआय बॉक्स बॅगेत ठेवाच. काही साउंडवाले ॲम्पची लाइन घ्यायला नाखूश असतात. त्यांना गिटारमधूनच सिग्नल हवा असतो. पॅसिव्ह बासचा सिग्नल दुबळा आणि जास्त अवरोधाचा असतो. तो लांबलचक साध्या केबलने मिक्सरपर्यंत नेला तर वाटेत वरचे सूर झिजतात आणि गुणगुण शिरते. डीआय तो सिग्नल संतुलित करतो, मग 30 मीटर लांबचा मिक्सरही चालतो. त्यावरचं ग्राउंड लिफ्टचं बटण म्हणजे अर्थिंगमुळे शिरणाऱ्या गुणगुणीवरचा पहिला उपाय. पण ॲम्पच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर सरळ नकार द्या. पावसात, ओल्या मैदानावर, हातात लोखंडी तारा आणि ओठांपाशी माइक असताना ते जिवावर बेतू शकतं.

गिटार ट्यून करायला क्लिपवाला ट्यूनर मी सुरुवातीला वापरला. गोंगाटात तो जाड ई तार पटकन पकडत नाही. बाराव्या फ्रेटवर हार्मोनिक (तार न दाबता नुसता स्पर्श करून काढलेला सूर) वाजवला की पकडतो. आता झूम बी1 फोर या छोट्या पेडलमधला ट्यूनर वापरतो. ते चार एए बॅटरींवर चालतं, त्यात लूपर आहे आणि तालाचे नमुनेही आहेत. इफेक्ट मी फारसे वापरत नाही, थोडा कॉम्प्रेसर (लहान-मोठा आवाज सारखा करणारा) सोडला तर.

वाजवण्याबद्दल एकच गोष्ट मनापासून सांगायची आहे, ती ढोलकीबद्दल. ढोलकीची धुमेची, म्हणजे खर्जाची बाजू आणि बास गिटार एकाच खोलीत राहतात. लावणीत ढोलकीवाला धुमेवर घुमारा काढतो तेव्हा बासने तिथे लांब सूर धरला की दोघंही गढूळ होतात. मी समेवर आखूड सा देतो, तार लगेच डाव्या हाताने दाबून बंद करतो आणि घुमाऱ्याची जागा मोकळी सोडतो. कोळीगीताच्या सहा मात्रांच्या ठेक्यात पहिल्या मात्रेवर सा आणि चौथीवर प एवढंच पुरतं, त्यावर लोक उठून नाचतात. भावगीतात तर अंतऱ्यापर्यंत गप्प बसण्याइतका संयम हवा. आणि कीबोर्डवाल्याशी तालमीतच बोलून घ्या: बास गिटार असेल तेव्हा त्याने डावा हात मधल्या सप्तकात ठेवावा. आमच्या ग्रुपचा आवाज सुधारला तो या एका बोलण्याने, कुठल्याही खरेदीने नव्हे.

कोणी घ्यावं? कीबोर्ड-ढोलकीच्या ग्रुपमध्ये नव्याने बास वाजवणाऱ्याने ही जोडी निःशंक घ्यावी, आणि त्याच दिवशी डीआय बॉक्स, दोन बऱ्या केबल आणि जाड अस्तराची बॅगही घ्यावी. पूर्ण ड्रमसेटच्या बँडमध्ये असाल तर गिटार हीच चालेल, ॲम्प मोठा लागेल. लाउडस्पीकर रात्री 10 वाजता बंद करायचा नियम आहे, सरकार सवलत देतं त्या ठरावीक दिवशी 12 पर्यंत मुभा असते. त्यामुळे साउंडचेक लांबला की कात्री गाण्यांवरच चालते. संध्याकाळी 5 ला पोहोचा, साउंडवाल्याला आधी चहा विचारा, मग लाइन द्या.